ऑनर्स : चौथ्या वर्षाची तयारी पहिल्याच सत्रात

आमच्या जोहे गावात आषाढ-श्रावणात गणपतीचे कारखाने रात्रभर जागे असतात. पहिल्या सत्रात मीही मूर्तींच्या आखणीला बसलो. तास बुडाले, गुण साठ टक्क्यांवर थांबले. ‘ऑनर्सचे पुढे पाहू’ असे तेव्हा वाटले. तीच चूक झाली.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांनी पदवी मिळतेच; चौथे वर्ष केल्यास ती ऑनर्स होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यात तिला किमान १६० श्रेयांक आहेत. संशोधनासह ऑनर्स हवे, तर पहिल्या सहा सत्रांत मिळून ७५ टक्के गुण लागतात. एका सत्रात ६० पडले, की उरलेल्या पाचांत सरासरी ७८ मिळवावे लागतात!

विषय मात्र दाराशीच आहे. प्लास्टरच्या मूर्तींना २०२० मध्ये झालेली मनाई, मग २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने त्या घडविण्यास दिलेली मोकळीक. यांत कारागिराच्या संसाराचे काय झाले, हा अर्थशास्त्राचा उत्तम प्रकल्प ठरेल. ‘आविष्कार’ या आंतरविद्यापीठीय संशोधन महोत्सवाच्या यंदाच्या फेऱ्यांत तो आधी मांडून पाहावा.

मित्रहो, त्यासाठी आपल्या प्राध्यापकांना आजच भेटा. मी तिसऱ्या सत्रात भेटलो. तेवढा उशीर तुम्ही करू नका.