९० टक्क्यांवर तुटलेलं डाउनलोड पुन्हा शून्यापासून का सुरू होतं?

देवास जिल्ह्यातल्या हाटपिपल्यात बसून कुणी एखाद्या मराठी ग्रंथालयाच्या साइटवरून जुन्या ग्रंथाची २०० एमबीची पीडीएफ उतरवतंय, असं समजा. १८० एमबी आलं आणि नेटवर्क गेलं. परत सुरू केलं, तर काही साइट उरलेलं २० एमबीच देतात. काही मात्र पहिल्यापासून २०० एमबी. एका पुस्तकापायी ३८० एमबी डेटा खर्च! महाराष्ट्राबाहेर मराठी पुस्तकांची दुकानं गावोगावी नाहीत, त्यामुळे देवास-धारकडच्या वाचकाला अशा फाइलींचाच मोठा आधार असतो. नेटवर्क तुटणं कुणाच्या हातात नाही. पण पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते, ती बहुतेकदा सर्व्हरवरच्या कोडमुळे.

सोय जुनीच आहे

वेबच्या एचटीटीपी १.१ या नियमावलीत १९९७ पासूनच फाइलचा तुकडा मागण्याची सोय आहे. ब्राउझर ‘रेंज’ या हेडरमधून सांगतो: १८ कोटी बाइट मिळाले, पुढचे द्या. सर्व्हर २०६ हा कोड देऊन तेवढाच भाग पाठवतो. व्हिडिओ मधूनच पुढे सरकवतो, तेव्हाही हेच चालतं.

मग अडतं कुठे?

अपाचे किंवा एन्जिनेक्स थेट फाइल देत असेल, तर हे आपोआप होतं. पण लॉगिन तपासायचं, डाउनलोड मोजायचे, म्हणून बरेच जण स्वतःचा हँडलर लिहितात. तो फाइल उघडतो आणि अख्खी पाठवून देतो. रेंज बघतच नाही. नियमानुसार ही चूक नाही, म्हणून एररही दिसत नाही. भुर्दंड वाचकाला.

हँडलरमध्ये काय हवं?

- ‘ॲक्सेप्ट-रेंजेस’ हेडरमधून ही सोय असल्याचं सांगावं.
- मोजणी शून्यापासून होते आणि शेवटचा आकडाही धरला जातो. ० ते ९९ म्हणजे १०० बाइट. इथेच एकाची चूक हमखास होते.
- २०६ सोबत ‘कंटेंट-रेंज’मध्ये तुकड्याची सुरुवात, शेवट आणि फाइलचा एकूण आकार द्यावा. ‘कंटेंट-लेंग्थ’ मात्र तुकड्यापुरतीच.
- मागितलेली सुरुवात फाइलच्या बाहेर असेल तर ४१६ द्यावा.
- प्रत्येक आवृत्तीला ‘ईटॅग’ ही खूण द्यावी. ‘इफ-रेंज’मधली खूण जुळली नाही, तर २०० देऊन पूर्ण फाइल पाठवावी. नाहीतर जुन्या फाइलला नव्या फाइलचं शेपूट जोडलं जाईल आणि पीडीएफ उघडणारच नाही.
- परवानगी प्रत्येक तुकड्याला तपासावी. डाउनलोड मात्र एकदाच मोजावं.

एकाच विनंतीत शेकडो तुकडे मागितले, तर ते सरसकट देऊ नयेत. २०११ मध्ये अशाच विनंत्यांनी अपाचे सर्व्हर बंद पाडता येतात, हे उघड झालं होतं.

सोपा मार्ग

हँडलरने फक्त परवानगी तपासावी आणि फाइल पाठवायचं काम सर्व्हरवर सोपवावं. एन्जिनेक्समध्ये त्यासाठी ‘एक्स-ॲक्सेल-रीडायरेक्ट’ हेडर आहे. तुकड्यांचा हिशेब मग तोच ठेवतो.

साइट चालवणाऱ्यांनी ‘कर्ल’ वापरून आपल्याच फाइलचे पहिले १०० बाइट मागून बघावेत. २०६ आणि नेमके १०० बाइट आले, तर उत्तम. २०० आणि अख्खी फाइल आली, तर दुरुस्ती बाकी आहे.