बांगड्या काढून माइकसमोर

सावेडीतल्या माझ्या शिवणकामाच्या खोलीत टीव्ही नाही आणि मी आणणारही नाही. डोळे दिवसभर सुईच्या टोकाशी, टीव्ही बघायचा कुणी? कान मात्र रिकामे असतात. म्हणून सकाळी नगर आकाशवाणीचं १००.१ लागतं ते रात्री मशीनवर कव्हर पडेपर्यंत. गाण्यांसाठी रेडिओ ऐकणारे पुष्कळ आहेत. मी ऐकते ते बोलण्यासाठी.

पहाटेची ती संकेतधून युरोपातून मुंबईत आश्रयाला आलेल्या वॉल्टर कॉफमन नावाच्या संगीतकाराची आहे, हे फारसं कुणाला माहीत नसतं. ती संपली की चिंतन, मग सातच्या सुमारास पुण्याहून प्रादेशिक बातम्या. आमच्या पिढीला सुधा नरवणे यांचा आवाज ऐकल्याशिवाय सकाळ झाल्यासारखी वाटायची नाही. दहा मिनिटांच्या बातमीपत्रात उगाच एक शब्द नसतो. पेपरात ‘वर उल्लेखिलेले’ लिहिलं तरी चालतं, कारण नजर मागे जाऊन शोधून येते. कानाला मागे जाता येत नाही. म्हणून बातमीतलं वाक्य आखूड, आधी कोण ते सांगायचं आणि मग काय केलं ते. ‘४७ हजार ३१२’ म्हणण्यापेक्षा ‘४७ हजारांहून अधिक’ बरं, ऐकणाऱ्याच्या लक्षात राहतं.

आणखी एक गोष्ट गिऱ्हाइकांना सांगितली की नवल वाटतं. आपल्याकडे खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देताच येत नाहीत, द्यायच्या तर आकाशवाणीच्याच, जशाच्या तशा. त्यामुळे रेडिओवर बातमी ऐकू आली की ती आकाशवाणीची असं खुशाल धरून चालावं.

पावसाळ्यात याच बातम्यांकडे सगळ्या जिल्ह्याचे कान लागतात. ‘मुळा धरणातून इतक्या क्युसेकने विसर्ग’ हा शहरातल्या माणसाला नुसता आकडा. नदीकाठच्या माणसाला मात्र त्यावरून मोटर वर घ्यायची की राहू द्यायची ते ठरवायचं असतं.

शेतीच्या कार्यक्रमांना मी शेत नसूनही चुकवत नाही. राहुरीच्या कृषी विद्यापीठातले शास्त्रज्ञ बोलायला येतात. सुरुवात ‘कीड व्यवस्थापन करणे आवश्यक ठरते’ अशी असते. मग मुलाखत घेणारा विचारतो, “म्हणजे साहेब, फवारायचं सकाळी का संध्याकाळी?” आणि साहेब एकदम आपल्या गावच्या मराठीवर येतात. माझ्या मते कार्यक्रम तिथून सुरू होतो. शेतकऱ्याशी त्याच्या भाषेत बोलायची ही वाट जुनी आहे. व्यंकटेश माडगूळकरांनी पुणे केंद्राच्या ग्रामीण कार्यक्रमांत कित्येक वर्षं हेच काम केलं.

विनोदाचं म्हणाल तर आमच्या लहानपणी मुंबई केंद्राचं ‘पुन्हा प्रपंच’ होतं. नगरला मुंबई खरखरतच लागायची. वडील ट्रान्झिस्टर खिडकीत फिरवत बसायचे, आणि मीनावहिनींचा आवाज आला रे आला की सगळ्यांना गप्प करायचे. प्रभाकरपंत म्हणजे प्रभाकर जोशी, मीनावहिनी म्हणजे नीलम प्रभू आणि टेकाडे भावजी म्हणजे बाळ कुडतरकर. एक घर, तीन माणसं आणि त्या दिवसाचा एखादा विषय, बस्स. सरकारी माहितीही त्यातूनच गळी उतरवायची, पण भावजी अशी फिरकी घ्यायचे की कडू गोळी दिलीय हे कळायचं नाही. जोशी आणि प्रभू हे खरंच नवरा-बायको आहेत अशी आमच्या आजीची खात्री होती. नीलमताईंचे यजमान होते ‘झोपी गेलेला जागा झाला’ लिहिणारे बबन प्रभू, हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही.

नाटकाची गोष्ट निराळी, कारण त्यात मी स्वतः उतरले होते. आवाजाची चाचणी देऊन पास झाले आणि श्रुतिकेसाठी बोलावणं आलं. पहिली सूचना मिळाली, “बांगड्या काढून या.” आणि कांजी केलेली सुती साडी नको. कापडाची सळसळ माइक पकडतो हे शिवणाऱ्या बाईला दुसऱ्यानं सांगावं लागलं! स्टुडिओत संहितेच्या पिना आधीच काढून ठेवतात. वाचून झालेलं पान उलटायचं नाही, अलगद बाजूला सरकवायचं. रागाचं वाक्य असेल तर ओरडायचं नाही, एक पाऊल मागे सरून बोलायचं. कानात कुजबुजायचं तर ओठ माइकला टेकतील इतकं जवळ यायचं. टांगा हवा असेल तर नारळाच्या दोन करवंट्या, आणि विस्तव पेटवायचा तर जिलेटिनचा कागद चुरगाळायचा. त्या दिवशी माझ्या ‘नवऱ्या’नं रिकाम्या कपातून इतक्या झोकात चहा भुरकला की मला हसू आलं. काचेपलीकडून अधिकारी म्हणाले, “परत घेऊ.”

लिहिणाऱ्याची तर खरी कसोटी. रंगमंचावर कुणी आत आलं की दिसतं. रेडिओवर “अगं सुमन, तू कधी आलीस?” असं कुणीतरी म्हणेपर्यंत सुमन आलेलीच नसते. आणि ती गप्प बसली की पुन्हा नाहीशी होते. म्हणून एका प्रसंगात तीन-चारच्या वर माणसं नकोत, आणि दोन बायका असल्या तर आवाज वेगळे हवेत. मी जाड आवाजाची, त्यामुळे कायम सासू.

अलीकडे बोलावणं येत नाही. सध्या मी मधूनमधून स्नेहालय संस्थेचा ‘रेडिओ नगर’ ९०.४ लावते. असल्या सामुदायिक केंद्राचा आवाज पाच-दहा मैलांच्या पलीकडे फारसा जात नाही, पण बोलणारी माणसं इथलीच, हेल नगरी. परवा एक बाई बचतगटाचा हिशोब सांगत होती, आणि मागे तिच्या बांगड्या खुशाल वाजत होत्या. तिला कुणी काढायला लावल्या नाहीत, हे बरं केलं.