चित्रं काढून पोट भरतं का? ग्राफिक डिझाइन शिकणाऱ्यांची पहिली तीन वर्षं

समोर विद्यार्थी आहेत आणि मागच्या रांगांत पालकही दिसतायत. पालकांचा प्रश्न आम्हाला ठाऊक आहे: चित्रं काढून पोट भरतं का? प्रश्न जुना आहे आणि रास्तही आहे. चार वर्षांची फी, मुंबई-पुण्यात राहण्याचा खर्च आणि इथल्या बागेतून किंवा होडीतून येणारा बेभरवशाचा पैसा, हा हिशोब घरात कुणाला तरी करावाच लागतो. म्हणून कलेच्या थोरवीवर आज आम्ही बोलणार नाही. शिकत असतानाच काय केलं म्हणजे बाहेर पडल्यावरची पहिली दोन-तीन वर्षं वाया जात नाहीत, एवढंच बोलू.

पोटाचा हा प्रश्न या विषयाच्या जन्मातच आहे. मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ सालचं. तिथे कमर्शियल आर्टचा विभाग निघाला तो १९३५ साली, व्ही. एन. आडारकरांच्या नेतृत्वाखाली. जाहिराती, वेष्टनं, पोस्टरं यांची कामं मुंबईत वाढत होती आणि ती करणारी शिकलेली माणसं हवी होती. पुढे १९६१ मध्ये या विभागाची स्वतंत्र उपयोजित कला संस्था झाली. 'उपयोजित' हा शब्द नीट ऐका. दुसऱ्याच्या उपयोगाला लावलेली कला. काम सुरू होतं ते दुसऱ्याच्या गरजेपासून, आणि ज्याला हे लवकर उमगतं त्याची गाडी लवकर रुळावर येते.

शिकायचं कुठे, हे थोडक्यात सांगतो, कारण त्याची माहिती सहज मिळते. शाळेत असाल तर एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या ग्रेड परीक्षा देऊन टाका. बारावीनंतर उपयोजित कलेच्या पदवीसाठी राज्याची सीईटी असते. आपल्या जिल्ह्यातच देवरुखला आणि चिपळूणजवळ सावर्ड्याला कला महाविद्यालयं आहेत, तेव्हा मुंबई हाच एक रस्ता असं समजू नका. पवईच्या आयआयटीत १९६९ पासून डिझाइनचं केंद्र आहे, तिथे पदवीनंतरही जाता येतं. कॉलेजच्या नावाने पहिला दरवाजा जरा लवकर उघडतो, हे खोटं नाही. पण दरवाज्यापलीकडे बसलेला माणूस तुमचा पोर्टफोलिओच उघडतो.

आता खऱ्या विषयाकडे येऊ.

पोर्टफोलिओ म्हणजे तुमच्या निवडक कामांचा संच. आठ-दहा कामं पुरतात, चाळीस कुणी बघत नाही. आमच्याकडे मुलं जे घेऊन येतात त्यात निम्मी कामं एखाद्या जगप्रसिद्ध बूट कंपनीचा किंवा कॉफीच्या दुकानाचा लोगो 'नव्याने' केलेली असतात. दिसायला झकास. पण ते काम कुणी मागितलं होतं? त्यात अडचण काय होती? काहीच नव्हती, आणि समोरच्याला तुमची अडचण सोडवण्याची रीतच बघायची असते.

त्याऐवजी इथलीच एक कोकम सरबताची बाटली घ्या. आंजर्ल्यात, केळशीत, मुरुडात घरोघरी सरबत, आगळ, आंबापोळी, फणसपोळी होते आणि पर्यटकांना विकली जाते. लेबल बहुतेक वेळा कुठून तरी उचललेलं असतं. एखाद्या काकूंकडे जा आणि म्हणा, काकू, तुमच्या बाटलीचं लेबल मी करून देतो. मग बघा काय काय समोर येतं. सरबत गडद लाल, त्यावर काळी अक्षरं बुडतात. बाटली फ्रीजमध्ये जाते, बाहेर येते, तिला घाम सुटतो, कागद सुटून येतो. म्हणजे रंगाच्या आधी कागदाचा विचार आला. मग कायदा. माल काय आहे ते, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, निव्वळ वजन किंवा माप, तयार केल्याचा महिना आणि वर्ष, सर्व करांसहित कमाल किंमत, तक्रारीसाठी संपर्क, हे २०११ च्या आवेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार छापावं लागतं. अन्न सुरक्षेच्या नियमांमुळे घटकांची यादी, तीही जास्त प्रमाणातला घटक आधी अशा क्रमाने, हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका, आणि एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक. शिवाय ही माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत हवी, मराठी जोडीला चालते. म्हणजे एवढ्याशा कागदावर दोन भाषा, एक डझन ओळी, आणि त्यातून 'कोकम सरबत' हा शब्द हातभर अंतरावरून वाचता यायला हवा.

हे एक लेबल तुम्ही नीट सोडवलंत, चार कच्चे आराखडे जपून ठेवलेत, पहिला कागद का बाद केला ते दोन ओळींत लिहिलंत, की मुलाखतीत बोलायला अर्धा तास पुरेल इतकं सामान झालं. काकूंची बाटलीही बरी विकली गेली तर उत्तमच. विकली गेली की नाही हे महिन्याने जाऊन विचारा. आणि ते पोर्टफोलिओत लिहा. हे कुणी करत नाही.

आंब्याच्या पेटीचंही तसंच. २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या आंब्याला लागू आहे, आणि मानांकनाचं चिन्ह नोंदणी केलेल्या बागायतदारानेच वापरायचं असतं. पेटीचं डिझाइन करणाऱ्या मुलाला हे ठाऊक हवं. गिऱ्हाइकाला 'तुमची नोंदणी झालीय का?' असं विचारणारा डिझायनर त्याला शहाणा वाटतो.

दुसरं उदाहरण समोरच्या किनाऱ्याचं. आंजर्ल्याला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात आणि पिल्लं समुद्रात सोडताना बघायला गर्दी होते. पिल्लं अंधारात उजेडाच्या दिशेने जातात, म्हणून बॅटरी आणि फ्लॅश वापरायचा नाही हे लोकांना सांगावं लागतं. आता ही पाटी करा बघू. ती पहाटे आणि तिन्हीसांजेला वाचली जाणार, पोरं कडेवर घेऊन चालणारी माणसं वाचणार, त्यातल्या बऱ्याच जणांना मराठी येत नाही. वाक्य किती शब्दांचं? चित्र कशाचं? ऊन आणि खारा वारा यांनी फ्लेक्सचा रंग एका मोसमात उडतो आणि खिळे गंजतात, तर पाटी कशावर करणार? हे सगळे प्रश्न डिझाइनचेच आहेत. पुस्तकातल्या कुठल्याही 'प्रोजेक्ट'पेक्षा यात जास्त शिकायला मिळतं.

आता अक्षरांबद्दल. इथे आम्ही जरा रेंगाळणार आहोत, कारण मराठी मुलांच्या हातात हा हुकमाचा पत्ता आहे आणि बहुतेक जण तो टाकून देतात.

र. कृ. जोशींचं नाव तुम्ही कदाचित ऐकलं नसेल, पण त्यांचं अक्षर तुम्ही हजार वेळा वाचलंय. विंडोजमधला 'मंगल' हा देवनागरी फाँट त्यांचा. उल्का या जाहिरात संस्थेत त्यांनी काम केलं, मग पवईला आयआयटीत शिकवलं. अच्युत पालव जे. जे.तून बाहेर पडले आणि उल्काची शिष्यवृत्ती घेऊन मोडी लिपीच्या अभ्यासाला लागले. त्या काळी मोडी शिकून काय मिळणार, असं कुणीही म्हणालं असतं. त्यातून देवनागरी आणि मोडीचा मेळ घालणारी त्यांची 'मुक्तलिपी' आली. कमल शेडगे टाइम्सच्या कला विभागात होते, आणि मराठी नाटकांची शीर्षकं त्यांच्या हातची म्हणून वर्तमानपत्रातल्या जाहिरातीतही लगेच ओळखू यायची. आणि अलीकडचं म्हणजे मुंबईच्या 'एक टाइप' या गटाचे 'मुक्ता' आणि 'बलू' हे फाँट. ते कुणालाही फुकट उतरवून घेता येतात. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी दिसते. एक छोटा प्रांत धरला आणि त्यात खोल गेले. सगळं थोडं थोडं येणारी मुलं पुष्कळ आहेत. देवनागरी नीट येणारी कमी आहेत.

कामही आहे बरं का. २०२२ च्या दुरुस्तीनंतर राज्यातल्या दुकानांच्या पाट्या मराठीत हव्यात आणि मराठी अक्षर इतर भाषांतल्या अक्षरापेक्षा लहान चालत नाही. २०२३ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने व्यापाऱ्यांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. पाट्या झाल्या, पण कशा? इंग्रजी लोगोवर मनापासून काम केलेलं आणि शेजारी मराठी नाव मिळेल त्या फाँटात ठोकलेलं. इंग्रजी चिन्हाशी नातं सांगणारं मराठी अक्षर काढून द्या, हे काम आज मागितलं जातंय.

त्यासाठी तयारी काय? रोज अर्धा तास बोरू. हसू नका. जाड-बारीक कुठे आणि का होतं, हे हाताला कळलं की संगणकावर चूक डोळ्याला टोचते. मग मराठीची वळणं: आपला 'ल' आणि 'श' हिंदीपेक्षा वेगळा, शासनाने २००९ च्या निर्णयात तो ठरवूनही दिलाय. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतला फरक तुमच्या फाँटला दाखवता येतो का, ते तपासा. आणि युनिकोड वापरा. जुन्या फाँटांत टाइप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर गेला की त्याची जिलबी होते. फोटोशॉपमध्ये भारतीय लिप्यांची मांडणी निवडली नाही तर वेलांट्या भलत्या जागी जातात आणि जोडाक्षरं फुटतात. 'प्रसाद'चा 'प् रसाद' झालेला बॅनर तुम्ही पाहिला असेलच.

छापखान्यात महिनाभर घालवा. दापोलीत, खेडात, चिपळुणात, कुठेही. पडद्यावरचा झगझगीत निळा-हिरवा चार शाईंत तसा येत नाही, कापणीसाठी चारी बाजूंनी तीन मिलिमीटर जादा सोडायचे, बारीक मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवायचा, हे तिथे एका दिवसात कळतं. फ्लेक्सच्या दुकानात पहिली नोकरी लागली तरी कमीपणा मानू नका. मात्र दीड वर्षाच्या वर राहू नका. दिवसाला वीस वाढदिवसांचे बॅनर केले की हात चालतो आणि डोळा मरतो, हे आमचं स्पष्ट मत आहे. तेच काम आता यंत्रही दोन मिनिटांत करू लागलंय, तेव्हा त्या कौशल्यावर संसार उभा राहणार नाही. काकूंच्या लेबलाचे प्रश्न मात्र आधी माणसालाच जाऊन विचारावे लागतात.

शेवटी पैसे, ज्यावर कॉलेजात कुणी बोलत नाही. काम घेण्याआधी लेखी कोटेशन द्या: काय देणार, किती वेळा बदल करून देणार, कधी देणार. निम्मी रक्कम आधी घ्या. ओळखीतलं काम असेल तर नक्कीच घ्या, कारण पैसे तिथेच अडकतात. मुलाखतीआधी 'चाचणी' म्हणून खरं, वापरता येण्याजोगं काम फुकट मागितलं, तर एक छोटा नमुना द्या आणि थांबा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे नोकरीत केलेल्या कामाचा हक्क सहसा मालकाकडे जातो. स्वतंत्रपणे केलेल्या कामात हक्क सोपवायचा तर तो लेखी हवा, आणि त्या कागदावर मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. म्हणून सहीआधी त्या दोन ओळी शोधायच्या. कंपनीने टीडीएस कापला तर विवरणपत्र भरा, उत्पन्न कमी असेल तर तो परत मिळतो. तुमचेच पैसे आहेत ते.

एक चिठ्ठी आलीय: मुंबईला जायलाच हवं का? पहिली दोन-तीन वर्षं जा, असं आम्ही म्हणू. चार अनुभवी माणसांच्या शेजारी बसून शिकायला मिळतं ते घरबसल्या मिळत नाही, आणि पुढे लागणाऱ्या ओळखी तिथेच होतात. नंतर काम इंटरनेटवरून इथेही करता येईल. फक्त जाताना बोरू आणि ती लेबलं बरोबर न्या. चला, पुढची चिठ्ठी द्या.