सीट लागली का?
स्पर्धा वाढली हे खरे, पण सीमाभागातील मुलांच्या जागा परीक्षेइतक्याच कागदपत्रांत आणि पर्यायांच्या यादीतही हुकतात

मृगाच्या सरी आणि सीईटीचा निकाल आपल्याकडे मागेपुढेच येतात. त्यानंतरचे दोन-अडीच महिने बेळगाव, खानापूर, निपाणीच्या घराघरांत एकच प्रश्न ऐकू येतो. मराठी शेजारीण विचारते, "सीट लागली का?" पलीकडच्या दारातून कन्नड काकू विचारतात, "सीट सिक्तेन?" भाषा दोन, काळजी मात्र एकच. मुलाचे गुण चांगले आहेत, घरच्यांनी पोटाला चिमटा घेऊन क्लासची फी भरली आहे, तरीही हव्या त्या कॉलेजचे नाव यादीत दिसत नाही. मग घरात शांतता पसरते आणि दोष बहुधा मुलाच्या माथी येतो.

खरोखर दोष त्याचाच असतो का? की आपण पालकही कुठे कमी पडतो? थोडे खोलात शिरून पाहू.

डोनेशनपासून रँकपर्यंत

आजच्या आजोबांच्या पिढीत प्रश्न वेगळा होता. १९४९ साली कर्नाटक विद्यापीठ स्थापन होईपर्यंत बेळगावची कॉलेजे मुंबई विद्यापीठाकडे पाहत. पुढे ती धारवाडशी जोडली गेली. इंजिनिअर व्हायचे तर कुणी सांगलीच्या वालचंदला जाई, कुणी कराडला. शिकणारेच थोडे होते, त्यामुळे रांगही लहान होती.

नंतर खासगी कॉलेजांचा काळ आला. बेळगावात १९६३ मध्ये जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आणि १९७९ मध्ये गोगटे इन्स्टिट्यूट सुरू झाले. राज्यभर अशी कॉलेजे निघाली आणि त्याबरोबर 'डोनेशन' हा शब्द घरोघरी रुळला. कर्नाटक सरकारने १९८४ मध्ये कॅपिटेशन फीविरुद्ध कायदा केला. १९९२ मध्ये मोहिनी जैन आणि १९९३ मध्ये उन्नीकृष्णन या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिले. १९९४ पासून सामायिक प्रवेश परीक्षेसाठी स्वतंत्र कक्ष उभा राहिला. आज त्याचेच नाव कर्नाटक परीक्षा प्राधिकरण, म्हणजे केईए.

सीईटीने सामान्य घरातल्या मुलाला मोठा न्याय दिला, हे विसरता येणार नाही. ज्याच्या बापाकडे डोनेशन नव्हते, तो गुणांच्या जोरावर इंजिनिअर झाला. १९९८ मध्ये विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय बेळगावातच आले आणि राज्यभरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांचा कारभार आपल्या गावातून चालू लागला.

रांग एवढी लांब का?

२०२५ च्या सीईटीला सव्वातीन लाखांहून अधिक मुलांनी नावे नोंदवली. इंजिनिअरिंगची रँक मिळालेली मुलेच अडीच लाखांच्या वर होती. वैद्यकीयसाठी तर रांग देशभराची. २०२५ मध्ये बावीस लाखांवर मुले नीटला बसली.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. ही सारी रांग काही मोजक्या दारांशीच उभी आहे. बेंगळूरची नामांकित कॉलेजे आणि त्यातही कॉम्प्युटर सायन्स. १९१७ पासूनचे बेंगळूरचे यूव्हीसीई, जे आता स्वतंत्र विद्यापीठ झाले आहे, तिथली कॉम्प्युटरची जागा वरच्या रँकमध्येच संपते. त्याच वेळी राज्यातल्या अनेक कॉलेजांत सिव्हिल, मेकॅनिकलच्या जागा दरवर्षी रिकाम्या राहतात. म्हणजे दारे कमी नाहीत, सगळ्यांना एकाच दारातून आत जायचे आहे. "शेजारच्याचा मुलगा कॉम्प्युटरला गेला, मग आपला का नको?" या एका वाक्याने किती मुलांची झोप उडवली असेल!

बारावीकडे पाठ फिरवू नका

क्लासच्या नादात एक चूक सर्रास होते. "पीयूसी काय, पास झाला तरी पुरे, सीईटी महत्त्वाची" असे मुलाला सांगितले जाते. इंजिनिअरिंगसाठी कर्नाटकात हे साफ चुकीचे आहे. इथे रँक काढताना दुसऱ्या पीयूसीचे भौतिक, रसायन, गणिताचे गुण निम्मे आणि सीईटीचे गुण निम्मे धरतात.

साधा हिशेब करू. एका मुलीला पीयूसीत तीनशेपैकी २७० गुण आहेत, म्हणजे ९० टक्के. सीईटीत १८० पैकी ९०, म्हणजे ५० टक्के. सरासरी ७०. दुसऱ्या मुलाला पीयूसीत २४०, म्हणजे ८० टक्के. सीईटीत ११०, म्हणजे ६१ टक्के. सरासरी साडेसत्तर. दोघे जवळजवळ बरोबरीत! या अर्ध्या टक्क्यात शेकडो मुले बसलेली असतात. म्हणून पीयूसीतले पाच गुण आणि सीईटीतले तीन प्रश्न, दोन्हींची किंमत सारखीच मोठी. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नये, हेही मुलांना बजावून सांगा.

२०२४ पासून दुसऱ्या पीयूसीच्या वर्षाला एकाहून अधिक परीक्षा होऊ लागल्या आहेत. पहिल्या परीक्षेत एखादा विषय बिघडला तर पुन्हा संधी असते. तिचा उपयोग करून घ्यावा.

एका शिक्क्याची किंमत

आता मुद्द्याच्या गोष्टीकडे येऊ. आपल्या भागातल्या मुलांच्या जागा जशा परीक्षेत हुकतात, तशा कागदपत्रांतही हुकतात.

पहिली अट शिक्षणाच्या वर्षांची. कर्नाटकच्या सरकारी कोट्यातील जागेसाठी मुख्य नियम असा की, पहिली ते दुसरी पीयूसीपर्यंतची किमान सात वर्षे कर्नाटकात शिकलेली असावीत आणि एसएसएलसी किंवा दुसरी पीयूसी यांपैकी एक परीक्षा इथून उत्तीर्ण झालेली असावी. आपल्याकडे चंदगड तालुक्यातले मूल दहावीपर्यंत गावात शिकते आणि अकरावीला बेळगावच्या मामाकडे येते. मामाचे घर कर्नाटकात असले तरी मुलाची इथली वर्षे दोनच भरतात. पुस्तिकेत इतरही कलमे असतात. त्यातले आपल्याला कोणते लागू पडते, हे पीयूसीला नाव घालण्याआधी पाहावे, नंतर नव्हे.

दुसरी गोष्ट ग्रामीण आरक्षणाची. पहिली ते दहावी सलग ग्रामीण भागात शिकलेल्यांसाठी १५ टक्के जागा राखीव असतात. हे आरक्षण माध्यम पाहत नाही. मराठी शाळेतल्या मुलालाही ते मिळते. पण होते काय? खानापूरच्या खेड्यातले आईवडील "शहरातली शाळा बरी" म्हणून आठवीला मुलाला बेळगावात आणतात आणि हा हक्क जातो. शहरात आणू नये असे नव्हे. पण काय मिळवतो आणि काय सोडतो, हे माहीत असून निर्णय घ्यावा. कन्नड माध्यमातून दहावीपर्यंत शिकलेल्यांसाठी वेगळे ५ टक्के आहेत. एकाच घरात थोरला मराठी शाळेत आणि धाकटी कन्नड शाळेत, असे आपल्याकडे पुष्कळ दिसते. दोघांचे कागद वेगवेगळे लागतील, हे ध्यानात ठेवा.

या दाखल्यांवर शाळेच्या मुख्याध्यापकांची सही आणि बीईओ कार्यालयाची प्रतिस्वाक्षरी लागते. जात-उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून काढावा लागतो. मराठा समाज कर्नाटकात ३-ब गटात येतो. दाखल्यावरचे नाव आणि गुणपत्रिकेवरचे नाव जुळले पाहिजे. मराठीत 'विठ्ठल', कन्नडमधून इंग्रजीत गेले की दुसरेच काही, अशी गंमत आपल्या घरांत नेहमीची. पण प्रवेशाच्या वेळी ती गंमत राहत नाही. नववीतच सगळी नावे एकसारखी करून घ्या.

दोन राज्ये, दोन दारे

सीमाभागात राहण्याचे तोटे आपण नेहमी बोलतो, इथे एक फायदाही आहे. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतील, मातृभाषा मराठी असलेल्या विद्यार्थ्यांना महाराष्ट्राच्या इंजिनिअरिंग प्रवेशात राज्याचे उमेदवार म्हणून अर्ज करता येतो. त्यासाठी दहावी किंवा बारावी याच भागातून उत्तीर्ण असावी लागते, तसेच रहिवासाचे आणि मातृभाषेचे ठरावीक नमुन्यातले दाखले लागतात. वैद्यकीयसाठीही सीमाभागाच्या मोजक्या जागा असतात. तिकडे अक्कलकोट, जत, गडहिंग्लज, दक्षिण सोलापूर इथल्या कन्नडभाषकांसाठी कर्नाटकाने 'गडिनाडू कन्नडिग' म्हणून अशीच सोय ठेवली आहे. दोन्ही राज्यांनी आपापल्या भाषेची लेकरे लक्षात ठेवली आहेत, ही समाधानाची गोष्ट.

मात्र दोन्हींकडचे नियम वेगळे. महाराष्ट्रात इंजिनिअरिंगची गुणवत्ता एमएचटी-सीईटीच्या गुणांवर ठरते. बारावीचे गुण फक्त पात्रतेपुरते. ज्याची बारावी बरी पण सीईटी कच्ची, त्याला कर्नाटक सोयीचे. उलट असेल तर कोल्हापूर, सांगली, पुण्याचा विचार करावा. कर्नाटकातला जातीचा दाखला मात्र तिकडे आरक्षणासाठी चालत नाही. तिथल्या अधिकाऱ्याने दिलेला दाखला आणि वैधता प्रमाणपत्र लागते. या एका गैरसमजापायी कित्येकांचे अर्ज खुल्या गटात जातात.

मुलीची यादी आखूड का?

पर्याय भरताना एक गोष्ट मनाला लागते. मुलाच्या यादीत साठ-सत्तर कॉलेजे आणि त्याच रँकच्या मुलीच्या यादीत तीन. तीही बेळगावचीच. "लांब कशाला पाठवायची?" असे म्हणून आपणच तिची दारे बंद करतो, आणि जागा लागली नाही की "नशिबात नव्हते" म्हणतो. हुबळी-धारवाड काय, कोल्हापूर काय, दोन-तीन तासांची वाट. सरकारी वसतिगृहांची चौकशी करा, मुलीला घेऊन कॉलेज पाहून या आणि मग यादी भरा. तिचे गुण तिने मिळवले आहेत, तिची यादीही तिला भरू द्या.

यादी भरताना आवडीचा क्रम वर ठेवावा. 'मिळेल ते' खाली आणि 'हवे ते' वर, एवढे सूत्र पुरे. आपल्याला मिळणार नाही म्हणून वरचे पर्याय गाळू नका. खालचे पर्याय त्यामुळे हातचे जात नाहीत. जागा लागल्यावर ती घ्यायची, ठेवून पुढच्या फेरीची वाट पाहायची की सोडायची, याची मुदत दिवसांत मोजतात. त्या आठवड्यात लग्नकार्य असले तरी एकाने घरी संगणकापाशी थांबावे!

दुसऱ्या वाटाही पक्क्या आहेत

उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर इंजिनिअरिंगला शिक्षण शुल्कमाफीच्या जादा जागा असतात. पर्याय भरण्याआधी त्यांची माहिती घ्यावी. दहावीनंतर पॉलिटेक्निक करून डीसीईटी दिली तर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. क्लासच्या फीपेक्षा ही वाट स्वस्त आणि हाताला काम देणारी. धारवाडच्या कृषी विद्यापीठाच्या बीएस्सीसाठी शेतकऱ्यांच्या मुलांना राखीव जागा आहेत. त्यासाठी शेतीची प्रात्यक्षिक परीक्षा असते. शेतात राबणाऱ्या घरातल्या मुलांना ती आपलीच वाटेल.

आणि साधी पदवी? २०१० साली बेळगावात राणी चन्नम्मा विद्यापीठ झाले, तेव्हापासून पदवी-पदव्युत्तर शिक्षणासाठी धारवाडच्या फेऱ्या कमी झाल्या. २०२४ पासून कर्नाटकात पदवी पुन्हा तीन वर्षांची झाली आहे. बीकॉम, बीएस्सी करून बँकेच्या, लोकसेवेच्या परीक्षा देणारी मुले आपल्या ओळखीत असतीलच. दोन भाषा सहज बोलणाऱ्या मुलाला तर तिथे जास्तीचा हात मिळतो. इंजिनिअरिंगला गेले तरी विश्वेश्वरय्या विद्यापीठात कन्नडचा विषय असतोच. लहानपणी गल्लीत शिकलेली कन्नड तिथे कामी येते.

पालकांनो, एवढे करा

आठवीत असतानाच दाखल्यांची फाईल करा. दरवर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा, क्लासवाल्याच्या तोंडी सांगण्यावर राहू नका, कारण नियम वर्षागणिक बदलतात. इंग्रजीतली किंवा कन्नडमधली पुस्तिका कळत नसेल तर गावातल्या शिक्षकांना विचारा. त्यात कमीपणा नाही. मराठी माध्यमातून पीयूसीला गेलेल्या मुलाला पहिले सहा महिने इंग्रजीचा धसका असतो. त्या काळात गुण घसरले तर रागावू नका.

आणि निकालाच्या दिवशी मुलासमोर शेजारच्या मुलाची रँक काढू नका. त्या दिवशी त्याच्या ताटात नेहमीसारखे गरम जेवण वाढा आणि यादीचे बोलणे दुसऱ्या दिवशी सकाळी काढा. जागा एका फेरीत हुकते, दुसरीत लागते. यंदा नाही तर पुढच्या वर्षी दुसऱ्या वाटेने लागते. पण घरातला विश्वास एकदा तुटला, तर तो जोडायला कुठलीच फेरी नसते.