एका मुलासाठी लिहिलेले चरित्र

फ्रान्समध्ये १५६२ पासून १५९८ पर्यंत कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांच्यात जी युद्धे झाली, त्यांचा इतिहास बहुधा राजे, लढाया आणि तह यांच्या अनुषंगाने सांगितला जातो. परंतु हा धर्मभेद घराघरांच्या माजघरापर्यंत कसा पोहोचला होता हे पाहावयाचे असेल, तर फिलिप दुप्लेसी-मॉर्ने या सरदाराच्या कुटुंबाकडे वळावे लागते.

त्याचा जन्म १५४९ चा. वडील कॅथलिक, मामा पुढे बिशप झालेले, आणि मुलानेही चर्चच्याच सेवेत जावे असा घरचा बेत. १५५९ साली वडील वारले. त्यानंतर आईने उघडपणे प्रॉटेस्टंट पंथ स्वीकारला आणि मुलगाही त्याच वाटेने गेला.

१५७२ च्या ऑगस्टमध्ये, सेंट बार्थोलोम्यूच्या सणाच्या दिवशी, पॅरिसमध्ये प्रॉटेस्टंटांची कत्तल सुरू झाली. दुप्लेसी-मॉर्ने तेथून निसटून इंग्लंडला पोहोचला. त्याच शहरात शार्लोत आर्बालेस्त ही तरुण विधवा आपल्या लहान मुलीसह अडकली होती. तिची स्वतःची आई कॅथलिक. जीव वाचवावयाचा तर कॅथलिक प्रार्थनेस जा, अशी गळ आईने घातली. मुलीने ती मानली नाही. परक्यांच्या घरी लपून दिवस काढल्यावर ती नावेत बसून शहराबाहेर पडली. पुढे सेदाँ येथे या दोघांची भेट झाली व १५७६ च्या जानेवारीत विवाह.

शार्लोत केवळ सोशिक होती असे मात्र समजू नये. मोंतोबाँ येथे तिच्या केशरचनेवरून तिच्याच पंथाच्या धर्मगुरूंनी तिला प्रभुभोजन नाकारले, तेव्हा तिने लेखी हरकत घेतली!

पती नाव्हारच्या हेन्रीचा विश्वासू सल्लागार झाला. हेन्री फ्रान्सचा राजा झाला आणि १५९३ मध्ये त्याने कॅथलिक पंथ पत्करला. दुप्लेसी-मॉर्नेला हे रुचले नाही, तरी त्याने राजाची सेवा सोडली नाही आणि आपला धर्मही सोडला नाही. सरकारी सेवेत आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला यातील अवघडपण थोडेसे कळते. त्याच राजासमोर १६०० साली फोंतेनब्लो येथे झालेल्या वादसभेत, त्याच्या ग्रंथातील अवतरणे चुकीची ठरवून त्याला जाहीरपणे खाली पाहावयास लावण्यात आले.

शार्लोतने पतीचे चरित्र लिहावयास घेतले ते मुलासाठी. त्याचे नावही फिलिप. १५९५ साली, पंधरा वर्षांचा असताना, तो प्रवासास निघाला, तेव्हा तिने तोवरचे लेखन त्याच्या हाती दिले आणि पुढील वर्षांचा वृत्तांत ती लिहीत राहिली. १६०५ मध्ये नेदरलंड्सच्या युद्धात गेल्डर्न येथे तो मारला गेला. ज्याच्यासाठी लिहावयाचे तोच उरला नाही, म्हणून तिने ग्रंथ तेथेच संपविला. दुसऱ्याच वर्षी, १६०६ च्या मे महिन्यात, ती वारली. पतीला मात्र पुढे १६२१ मध्ये सोम्यूरची सुभेदारीही गमवावी लागली; १६२३ साली त्याचा अंत झाला. पत्नीच्या ग्रंथात या वर्षांविषयी एक अक्षर नाही.