कवटी लहान, वाद मोठा: माणसाची वेगळी प्रजाती ठरते कशी?

रत्नागिरीच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत, पण ती कोरणाऱ्यांची हाडं मिळालेली नाहीत. कोकणातली आम्लयुक्त जांभी माती आणि धो धो पाऊस यांत हाडं सहसा टिकत नाहीत. मात्र हाडं सापडली म्हणजे प्रश्न सुटला, असंही नाही.

वाद काय होता?
२००३ मध्ये इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावर, लिआंग बुआ गुहेत जेमतेम साडेतीन फूट उंचीच्या स्त्रीचा सांगाडा मिळाला. तिचा मेंदू सुमारे ४०० घनसेंटिमीटरचा, म्हणजे आपल्या मेंदूच्या एक तृतीयांशाहूनही लहान. संशोधकांनी 'होमो फ्लोरेसिएन्सिस' ही नवी प्रजाती जाहीर केली. विरोधकांचं म्हणणं होतं, ही आपल्याच प्रजातीची, आजारामुळे मेंदू न वाढलेली स्त्री आहे.

मग काय झालं?
गुहेत तशाच ठेंगण्या आणखी माणसांचे अवशेष सापडले. मनगटाची हाडंही आपल्यापेक्षा वेगळी निघाली. पुढे त्याच बेटावर माता मेंगे इथे सुमारे ७ लाख वर्षांपूर्वीचा तितकाच छोटा जबडा मिळाला. एकीच्या आजाराने हे सगळं समजावता येईना. आज बहुतेक शास्त्रज्ञ ही वेगळी प्रजाती मानतात.

भारतात काय?
मध्य प्रदेशात नर्मदाकाठच्या हथनोरा इथे १९८२ मध्ये भूवैज्ञानिक अरुण सोनकिया यांना प्राचीन मानवी कवटीचा भाग सापडला. काहींच्या मते ती 'होमो इरेक्टस'ची, काहींच्या मते आपल्याच प्रजातीच्या जुन्या रूपाची. तुलनेला तशी दुसरी कवटी भारतात नाही, म्हणून वाद कायम आहे.

'नवी मानवजात सापडली' असा फॉरवर्ड आला, तर आधी पाहा: अवशेष किती जणांचे आहेत?