पत्ता नसलेला वाचक

वाचन प्रेरणा दिन उरकला. कलामांच्या जयंतीला, १५ ऑक्टोबरला, २०१५ पासून तो राज्यभर होतो. फोटो निघाले, पुस्तकं पुन्हा कपाटात गेली, किल्ली कुणाकडे ते बहुधा सगळ्यांनाच ठाऊक. ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत देशातल्या ग्रामीण भागांतल्या सरकारी शाळांतली तिसरीची जेमतेम २३.४ टक्के मुलं दुसरीचा मजकूर वाचू शकली. २०२२ मध्ये हाच आकडा १६.३ होता, सुधारणा आहे, पण कपाटाला कुलूप असल्यावर ती किती पुढे जाणार?

बारामती-इंदापूरकडचं पोर बोलतं, “आयनं मला शाळंत धाडलं.” वहीत त्याला ‘आईने मला शाळेत पाठवले’ लिहायचं असतं. लाल शाईनं ते शिकत नाही, ओशाळतं. ‘इतक्यात’, ‘तरीसुद्धा’, ‘जणू’ हे शब्द घरात कानावर पडतात तरी कितीसे? ते गोष्टीत भेटतात, पुन्हापुन्हा भेटतात. मग निबंधातलं ‘आणि मग, आणि मग’ आपोआप कमी होऊ लागतं. स्टीफन क्रॅशन हे अभ्यासक तर सांगतात की आवडीनं निवडून वाचलं की शब्दसंपत्ती, शुद्धलेखन, शैली सगळं सुधारतं. शुद्धलेखनाबाबत मी साशंक आहे. जन्मभर वाचणारे आम्ही वृत्तपत्रवालेही ऱ्हस्व-दीर्घाला अडखळतो! तिथं शिक्षक लागतोच. माधुरी पुरंदरे यांनी ‘वाचू आनंदे’बरोबर ‘लिहावे नेटके’ही केलं, ते उगीच नाही.

पण निवडायला पुस्तक हाती तर यायला हवं. वर्षातून एकदा ग्रंथालय दाखवून आणणं म्हणजे सहल. दर आठवड्याला जाऊन, स्वतःच्या नावावर पुस्तक घरी नेणं ही वेगळी गोष्ट.

दिवाळीच्या आगेमागे भवानीनगर, सोमेश्वरनगर, माळेगावच्या साखर कारखान्यांसाठी बीड-अहिल्यानगरकडच्या ऊसतोड टोळ्या येतात. फडाजवळ कोप्या पडतात. त्यातली पोरं हंगाम संपला की परत. राज्याच्या १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानं आणि त्याखालच्या नियमांनी सार्वजनिक ग्रंथालयांना मान्यता, अनुदान, अ-ब-क-ड वर्ग सगळं दिलं. पण सभासद व्हायला पत्ता आणि अनामत मागितली, तर कोपीतल्या मुलानं काय द्यावं? पोत्यात पन्नास पुस्तकं भरून तळावर ठेवायला फार खर्च नाही. अडतं ते ‘फाटली तर?’ इथं. फाटतीलच. नोंदवहीत गहाळ, जीर्ण असे शेरे मारतातच. त्यांच्या शेजारी आणखी एक रकाना आखावा, ‘वाचून फाटले’.